चाळीसगाव ते नवापूर : एक खान्देश की अडीच?

बुधवार. चाळीसगाव, पाटणादेवी

खान्देश नेमका कुठून सुरू होतो हे कुणालाही विचारा, तो आपल्या गावापासूनच सांगेल. कागदावर सोपं आहे, इंग्रजांच्या काळात एकच मोठा खान्देश जिल्हा होता, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, पूर्वेचा झाला जळगाव, पश्चिमेचा धुळे, आणि १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा काढला. पण जळगाववाल्याच्या डोक्यातला खान्देश वेगळा, धुळेवाल्याचा वेगळा, आणि नंदुरबारला तर दोघंही हिशोबात धरत नाहीत. माझं आजोळ जळगावचं, आत्या धुळ्याला, मावशी मध्ये अमळनेरला, त्यामुळे हे भांडण मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलोय.

बायको रत्नागिरीची. लग्नकार्याला यायचं, बट्टी खायची, उन्हाला शिव्या घालायच्या आणि पुण्याला परत, एवढाच तिचा खान्देश. या डिसेंबरात म्हटलं एकदा नीट फिरू, नकाशावर डावीकडून उजवीकडे नाही तर उजवीकडून डावीकडे. पहाटे चाळीसगावला उतरलो, मामेभाऊ गाडी घेऊन हजर. थंडी अशी की बायकोनं शाल काढली आणि म्हणाली तुमच्याकडे हे पण असतं? असतं की. मे महिन्यात ४५ च्या वर जाणारा पारा डिसेंबरात अंगावर काटा आणतो, खान्देशात मधलं काही नसतं.

चाळीसगावात स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. हा माणूस मला कधीच पूर्ण कळला नाही. पारशी, १९१२ चा जन्म, इंग्लंडमध्ये जाऊन फोटोग्राफी शिकलेला, आणि परत आल्यावर जवळजवळ पन्नास वर्षं या घराबाहेर पडलाच नाही म्हणतात. गावात गोष्ट सांगतात की मुंबईची एक मैत्रीण एक दिवस रात्रीच्या गाडीनं येईन म्हणाली होती, म्हणून रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचे, फुलं तयार ठेवायचे. १९८९ मध्ये गेले, ती काही आली नाही. ही गोष्ट सगळे सांगतात पण मला त्याहून भारी वाटतं ते त्यांचं काम. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांचा असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला खरंच डोंगर, बर्फ, गाव वाटावं. सगळं त्या एका घरात बसून. शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या. बायको आत तासभर रमली, मामेभाऊ बाहेर गाडीत झोपला, त्याचं म्हणणं वहिनी हे चाळीसगाव आहे, खरा खान्देश अजून यायचाय.

दुपारी पाटणादेवी. सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळा अभयारण्याच्या कुशीत, चंडिकेचं जुनं देऊळ. इथल्या शिलालेखाची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण लोक देवीला येतात, नवस फेडतात आणि त्या दगडासमोरून तसेच पुढे जातात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, साल १२०७. म्हणजे गणित शिकवायची शाळा, या जंगलात, आठशे वर्षांपूर्वी. शिलालेख संस्कृतात आहे पण शेवटचा भाग मराठीत, आणि त्यात विद्वत्तेचं काही नाही, पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरच्या कराचा वाटा मठाला द्यायचा असा सरळ हिशोब आहे. बायको म्हणाली शाळेला अनुदान मराठीतून, शिक्षण संस्कृतातून, म्हणजे काही बदललेलं नाही.

गुरुवार. जळगाव

जळगाव शहर बघायला सुंदर वगैरे अजिबात नाही. रस्ते, धूळ, डाळमिल, पाइपचे कारखाने, सराफ बाजार. सोनं घ्यायला लोक अजून लांबून लांबून इथे येतात, शुद्धतेच्या नावावर. मामी तर पुण्यात सोनं घेतलं असं कुणी सांगितलं की अशी बघते की बिचाऱ्याची फसवणूक झालीय. तर सकाळी सगळ्यात आधी जुन्या जळगावात चौधरी वाड्यात गेलो, बहिणाबाईंच्या. १८८० ला शेजारच्या आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन या घरात. लिहिता वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर जे सुचलं ते गात गेल्या, मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यानं आणि घरातल्यांनी काही उतरवून ठेवलं म्हणून उरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला, आचार्य अत्र्यांनी आग्रह धरला म्हणून. म्हणजे छापलेलं पुस्तक त्यांनी स्वतः बघितलंच नाही. वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात. गल्ली मात्र नेहमीचीच, शेजारच्या ओट्यावर बायका पापड वाळत घालत होत्या, एकीनं विचारलं कुठून आले, पुणे म्हटल्यावर लगेच बिबडे खाल्ले का कधी. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, भाजून वर कच्चं तेल आणि शेंगदाणे. मिळाले पण, पिशवीभर, पैसे घेईना.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाहेर लोकांना वाटतं बहिणाबाईंची भाषा म्हणजे अहिराणी. नाही. ती लेवा समाजाची बोली, जळगाव, यावल, रावेर भागातली. अहिराणी पश्चिमेला, अमळनेर सोडलं की दाट होत जाते. मामेभावाला कुणी तू अहिराणी बोल ना म्हटलं की त्याचं डोकंच फिरतं, आणि धुळ्याच्या आत्याला बहिणाबाई आमच्याच म्हटलेलं चालतं पण जळगावची भाषा आमची म्हटलेलं चालत नाही.

भादलीला गाडी थांबवली. छोटं स्टेशन, बघायला काही नाही. बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ ला इथेच रूळ ओलांडताना गाडीखाली गेले, वय २७. जन्म धरणगावचा, आणि १९०७ साली जळगावला जे पहिलं कविसंमेलन झालं त्यात बालकवी ही पदवी मिळाली. म्हणजे जन्म, पदवी आणि मरण सगळं एकाच तालुक्याच्या आजूबाजूला. एक मालगाडी गेली, भली लांब, डबे संपेचनात.

आणि मग संध्याकाळ. भरीत पार्टी.

हे नीट सांगतो, कारण पुण्यात भरीत म्हणून जे मिळतं ते खाऊन लोक मत बनवतात. आधी वांगं. जळगावचं भरिताचं वांगं जांभळं नसतं, पांढरट हिरवं, लांबट, मोठं, बी कमी, आणि बामणोदचं असलं तर विचारायलाच नको. त्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, केळीला पण त्याच वेळी मिळालं. दुसरं म्हणजे गॅसवर भाजायचं नाही. शेतात तुरकाट्या, कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वांगी सरळ जाळात टाकायची, वरून काळीठिक्कर आणि आतून लोण्यासारखी मऊ. साल काढून लाकडाच्या खोल भांड्यात मुसळीनं ठेचायची, सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण. मग तेलात जिरं, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही, आणि टोमॅटो घातला तर मामा ताट सोडून उठेल. केळीच्या पानावर भरीत, कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ, कच्चा कांदा, मुळा, कढी.

डिसेंबर जानेवारीत रविवारी या भागात शेताशेतात हेच चालतं. बँकवाले, मास्तर, वकील, पुढारी, सगळे कुणाच्या तरी शेतात मांडी घालून बसलेले असतात. निवडणुकीच्या वर्षी तर भरीत पार्टीला कोण कुणाकडे गेलं यावरून गणितं मांडतात. बायकोनं पहिला घास घेतला, डोळ्यात पाणी, दुसरा घेतला, मग तिनं पुऱ्या मोजणं सोडून दिलं. शेवटी मामाला म्हणाली, मामा यात थोडं ओलं खोबरं... मामा शांतपणे म्हणाले, सूनबाई, ते तुमच्याकडे आल्यावर.

शुक्रवार. यावल, फैजपूर, रावेर

तापी ओलांडली की दोन्ही बाजूला केळी. दुसरं काही नाहीच. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि तिच्या पायापर्यंत हिरवं. लोकांना वाटतं केळीला समुद्र लागतो, दमट हवा लागते, इथे तर उन्हाळ्यात भाजून काढणारा वारा वाहतो. पण काळी जमीन, तापीचं खोरं आणि ठिबक. बागेच्या कडेला ताग किंवा गजराज गवत उभं करतात, वारा अडवायला. थंडी फार पडली तर चरका बसतो, पानं पिवळी, घड नीट भरत नाही, त्यामुळे मस्त गुलाबी थंडी असं आपण म्हणतो तेव्हा समोरचा शेतकरी काही बोलत नाही.

एका बागेत कापणी चालू होती. घड खांद्यावर घेऊन मजूर पळतात अक्षरशः, आपटला तर काळा डाग आणि डाग म्हणजे भाव गेला. पूर्वी ट्रकमध्ये केळीचीच पानं अंथरून घड रचायचे, अजूनही रचतात, पण आता एक्सपोर्टचा माल बागेतच धुऊन खोक्यात जातो. सावदा, रावेर स्टेशनातून रेल्वेचे वॅगन भरून केळी दिल्लीला जायची, ती पद्धत कितीतरी वर्षांची. आणि इथल्या माणसांचा दिवस सुरू होतो एका प्रश्नानं, आज बऱ्हाणपूर काय निघालं? बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे पण केळीचा भाव तिथल्या लिलावावरून हलतो. आणि गंमत म्हणजे फारुकी सुलतानांच्या काळात, १६०१ ला अकबरानं अशीरगड घेईपर्यंत, खान्देशची राजधानी बऱ्हाणपूरच होती. राज्य गेलं, सीमा बदलली, भाव अजून तिथूनच येतो.

फैजपूरला थांबलो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, गांधीजींचा हट्ट होता की शहरात नको. अध्यक्ष नेहरू. मंडप आणि कमानी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी केल्या, बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून. शाळेत असताना आम्हाला हे धड्यात नव्हतं, आजोबांकडून ऐकलं, त्यांचे वडील बैलगाडीनं गेले होते म्हणे बघायला. आता रस्त्यानं जाताना केळीच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि हे कुणाच्या लक्षात पण येत नाही.

येताना भुसावळ. जंक्शन. खान्देशातल्या प्रत्येक घरात एक तरी माणूस रेल्वेत असतो आणि तो भुसावळलाच असतो. चहा घेतला, निघालो.

शनिवार. अमळनेर

मावशीकडे वरण बट्टी. पाहुणा आला, देव बसवले, पाऊस पडला, नाही पडला, कारण काहीही असो, वरण बट्टी. जाडसर दळलेली कणीक, त्यात जिरं, ओवा, हळद, भरपूर तेलाचं मोहन, घट्ट गोळे, आधी वाफवायचे, मग कापून तळायचे, किंवा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. ताटात बट्टी हातानं कुस्करायची, त्यावर तुरीचं घट्ट वरण, त्यावर तूप, बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. राजस्थानच्या बाटीची बहीण आहे हे दिसतंच, पण मावशीसमोर म्हणू नये. तूप वाढणारा माणूस मुद्दाम जबरदस्त निवडतात, नको म्हटलेलं ज्याला ऐकू येत नाही असा. जेवल्यावर दोन तास कुणी काही करू शकत नाही आणि म्हणून खान्देशात दुपारी कामाला बोलावलं तर कुणी येत नाही, असा माझा आपला समज.

अमळनेर छोटंच गाव पण त्याच्या खात्यावर काय काय जमा आहे बघा. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते, हॉस्टेल सांभाळायचे. हायस्कूलला ज्यांचं नाव आहे त्या गिरणीवाल्या प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरातून लोक वेदान्त अभ्यासायला या गावात यायचे, पैसा गिरणीचा आणि विषय ब्रह्म. आणि १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, पुढे त्याचंच विप्रो झालं. सुरुवातीच्या काळात गावातल्या लोकांनी शेअर घेतले, काहींनी विकले, काहींनी नुसते ट्रंकेत ठेवले आणि ट्रंकेत ठेवणाऱ्यांची पुढची पिढी करोडपती झाली. बाहेरून ओळखू येत नाही, तोच जुना सदरा, तीच सायकल, आणि पासबुकात आकडा बघून बँकवाला उभा राहतो. मावशीच्या सासऱ्यांनी घेतले होते का, हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा मावशीकडे महिनाभर पाहुणे. तिला साहित्य कसं झालं विचारलं तर म्हणते, चहा खूप झाला.

संध्याकाळी तिनं बायकोला अखाजीचं सांगितलं. अक्षय्य तृतीया, खान्देशात अखाजी, आणि ही दिवाळीपेक्षा मोठी. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके, गौराईची गाणी, पितरांसाठी घागर भरायची, खापरावरची पुरणपोळी म्हणजे मांडे, मडक्याच्या पाठीवर हातावर फिरवून टाकलेले, आणि पुरुषांसाठी पत्ते. त्या दिवसांत पत्ते खेळणं कुणी वाईट धरत नाही, घरातली मोठी माणसं पण बसतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष पण अखाजीलाच संपतं आणि नवा करार होतो, म्हणजे शेतीचं आर्थिक वर्ष एप्रिल नाही, अखाजी ते अखाजी.

रविवार. धुळे

पारोळा ओलांडलं की कानाला फरक कळतो. टपरीवाल्यानं अहिराणीत विचारलं, कथा जाई ऱ्हायनात भाऊ? म्हणजे कुठे चाललात. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी मामेभावाकडे, त्यानं गाडीतच बसून उत्तर दिलं, शुद्ध पुस्तकी मराठीत, मुद्दाम. आत्याकडे पोचलो तर दारातच, जेवण व्हयनं का? नाही म्हटलं असतं तर पाच मिनिटांत ताट, हो म्हटलं तरी पाच मिनिटांत ताट.

धुळ्याला पत्ता सांगायची पद्धत वेगळी. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. न्यूयॉर्कचं कौतुक लोक करतात, इथे १८१९ च्या सुमाराला कॅप्टन ब्रिग्जनं नवं गाव आखलं ते सरळ रेषेत, समांतर गल्ल्या, नंबर टाकून. अजून रिक्षावाल्याला नंबर सांगितला की पुरतो. राजवाडे संशोधन मंडळात गेलो. वि. का. राजवाडे गावोगाव पायी फिरून जुनी दप्तरं गोळा करायचे, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि नंतर लगेच लोकांनी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं केलं. जुने कागद, ताम्रपट, मूर्ती. बाकी शहरात जो दिवसभर गोंगाट असतो त्यापेक्षा इथे बरं वाटतं, पंखा फिरत असतो आणि कुणीतरी मोडी वाचत बसलेलं असतं.

अप्पांना (आत्याचे यजमान) पाण्याचा नाद. रिटायर झाल्यापासून पांझरा नदी म्हणजे त्यांचा विषय. आम्हाला साक्रीच्या बाजूला फडाचं शेत दाखवायला नेलं. फड पद्धत म्हणजे नदीवर छोटा दगडी बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक, यंदा ऊस तर ऊस, मग पाणी कुणाला किती हे भांडण राहत नाही. मोटर नाही, पंप नाही, उतारानं पाणी चालतं. पाटकरी पाणी वाटणार, जागल्या राखण करणार, त्यांना धान्यात मोबदला. तीन चारशे वर्षं चाललेली ही व्यवस्था, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर. आता वरची धरणं, विहिरी, बोअर, त्यामुळे बरेच बंधारे नुसते उरलेत, काही ठिकाणी अजून चालू. अप्पांच्या मते महाराष्ट्रानं सहकार साखर कारखान्यापासून शिकला हे खोटं, पांझरेपासून शिकला. आणि १८८४ ला सरकारी नोकरीत आलेले तरुण विश्वेश्वरय्या पहिल्यांदा खान्देशातच आले, पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाइप टाकून पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांनी केलं, हे अप्पा प्रत्येकाला सांगतात. मला चौथ्यांदा सांगितलं असेल, पण ऐकायला बरं वाटतं.

रात्री शेवभाजी आणि त्यावर युद्ध. काळा मसाला दोघांकडे सारखाच, कांदा खोबरं भाजून, पण धुळ्याची तर्री पातळ आणि लाल, जळगावची जरा दाट. शेव कधी घालायची? आत्या म्हणते ताटात, मामेभाऊ म्हणतो उकळत्या रश्श्यात दोन मिनिटं. बायकोनं दोन्ही खाऊन निकाल दिला की मला फरक कळला नाही, आणि त्या एका वाक्यानं तिनं दोन्ही जिल्हे दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं तिला मसाल्याचा डबा दिला, चेहरा न बदलता.

सोमवार. सारंगखेडा

मामेभाऊ इथून जळगावला परतला, म्हणाला नंदुरबार वगैरे तुम्ही बघा, आमच्याकडे कुणी जात नाही तिकडे. त्यामुळे एसटी. दोंडाईचा, मग तापीवरचा पूल, पलीकडे सारंगखेडा. एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीला यात्रा, आणि यात्रेतला घोडेबाजार म्हणजे काय हे मला फोटो बघून कधीच कळलं नव्हतं. देशभरातून घोडे आलेले. मारवाडी, काठेवाडी, पांढरे नुकरा. दावणीला रांगाच रांगा, प्रत्येकापुढे मालकाची खाट, खाटेवर मालक, मालकाच्या हातात चहा. किंमत विचारली की आधी तुम्हालाच वरून खाली बघतात, घेणारा वाटला तर आकडा सांगतात, नाहीतर कौतुक करून पाठवून देतात. आम्हाला कौतुक मिळालं.

घोड्याची पारख बघण्यासारखी. रंग, कान, चाल हे झालंच, पण खरा भाव अंगावरच्या भोवऱ्यांवर ठरतो. गळ्यावर देवमण असेल तर शुभ, चारही पाय आणि कपाळ पांढरं तर पंचकल्याणी, आणि नको त्या जागी भोवरा दिसला की उमदा घोडा पण उभाच राहतो दिवसभर. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं बायकोला अर्धा तास भोवरे दाखवले, अगदी मास्तरासारखे, हा बघ ताई, हा चांगला, हा खोटा. मग दोघं जण आमच्यासमोर रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायला लागले, आम्ही मध्येच उभे, चेहऱ्यावरून काही कळेना, एकानं हात झटकला, दुसरा हसला, परत रुमाल. सौदा झाला की नाही ते शेवटपर्यंत समजलं नाही. सरकारनं आता याला चेतक फेस्टिव्हल म्हणून मोठं केलंय, तंबू, स्टेज, दिवे. ठीक आहे. पण तंबूत राहणारे पर्यटक नाचणारा घोडा बघून जातात, आणि बाजार पहाटे असतो, थंडीत, चारा पडलेला, घोड्यांच्या नाकातून वाफ निघतेय, तेव्हा.

मंगळवार. नंदुरबार, नवापूर

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या. मैदानच्या मैदान लाल, बायका उलथापालथ करत बसलेल्या, तोंडाला फडकं. आम्ही रस्त्यावर उभे होतो तरी शिंका थांबेनात. त्या दिवसभर त्यात बसतात. काळा मसाला काळा मसाला म्हणून आपण जे जेवणाचं कौतुक करतो त्याची सुरुवात इथे, आणि ती मजुरी कमी, खोकला जास्त अशी आहे हे बघितल्यावर आत्याचा डबा जरा जड वाटला.

गावात शिरीषकुमारचं स्मारक. ९ सप्टेंबर १९४२, पंधरा सोळा वर्षांचा मुलगा, मिरवणुकीत हातात झेंडा, पोलिसांनी गोळीबार केला, त्याच्यासोबत आणखी चार जण गेले. मिरवणुकीतली घोषणा गुजरातीत होती, नही नमशे, नही नमशे, म्हणजे झुकणार नाही. कारण हे गाव तसंच आहे, बाजारात गुजराती, घरात अहिराणी, सातपुड्यातून आलेला माणूस भिली किंवा पावरी बोलणार, आणि कचेरीत मराठी. जळगावात बसून खान्देशी माणूस कसा असतो यावर व्याख्यान देणाऱ्यांनी नंदुरबारच्या बाजारात एक दिवस भाजी विकत घेऊन दाखवावी.

नवापूर स्टेशनचं मी बायकोला काही सांगितलं नव्हतं. सुरत भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, मधून रेघ, एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तर गुजरातेत, घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत, त्यामुळे एक गाडी येणार हे सांगून होईपर्यंत कधीकधी गाडी येऊन पण जाते. तिकडे दारूबंदी, इकडे नाही, म्हणजे फलाटावर चालता चालता कायदा बदलतो. लोक बाकावर बसून फोटो काढतात, आम्ही पण काढला, ती गुजरातेत आणि मी महाराष्ट्रात, शेजारी एक आजोबा दोन्ही राज्यांत मिळून आडवे झोपलेले होते आणि त्यांना उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

तोरणमाळ राहिलं. सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पण राहिली, ती मार्चात. अंगाला रंग, कमरेला घुंगरं आणि दुधी भोपळे बांधलेले बुध्या आणि बावा, दिवसेंदिवस व्रत पाळून आलेले, रात्रभर ढोल आणि पहाटे होळी पेटते. गाडीत बसल्या बसल्या बायकोनं ऑफिसच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडलं, मी मामेभावाला फोन करून विचारलं येतोस का, तर म्हणतो काठी? ते खान्देशात येतं का? पाच मिनिटांनी त्याचाच परत फोन, गाडी माझी काढू की तुम्ही एसटीनं जाणार?